जावयाचा कानातला टेप

माझ्या लग्नात सासरच्यांनी हुंडा घेतला नाही. ही गोष्ट सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवत, की मला वाटे, घेतला असता तर निदान एकदाचा विषय मिटला असता.

मी विश्रांतवाडीच्या पुढची. तेव्हा ते गाव होतं. आता तिथं उंच इमारती आहेत आणि माझ्याच माहेरच्या रानात उभा असलेला वॉचमन मला विचारतो, कुणाकडे जायचंय? वडील मेथी-कोथिंबीर पिकवायचे आणि गुलटेकडीला, मार्केट यार्डात माल घालायचे. मी आमच्या भावकीतली पहिली बी.ए. झालेली मुलगी. नोकरीत ओळख झाली आणि पेठेतल्या घरात सून म्हणून गेले. दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडली, मग सरळ केली, आणि लग्न लागलं.

हुंडा नको म्हटल्यावर वडिलांना हायसं वाटायला हवं होतं. कसलं काय! त्यांना ते लागलं. भावकीत कुजबुज सुरू झाली, "शिकल्याली पोरगी, फुकटात उजवली." आमच्याकडं काही न घेणं म्हणजे समोरच्याची ऐपत काढण्यासारखंच. त्यामुळे वडिलांचा सगळा जीव पहिल्या दिवाळसणावर येऊन बसला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला येतो, ओवाळायला पाटावर बसतो, लटकंच रुसतो, आणि सासरा त्याला हवी ती वस्तू देऊन त्याचा रुसवा काढतो. ह्या रीतीला पेठवालेसुद्धा नाही म्हणू शकत नव्हते. तेवढ्या एका दिवशी वडिलांना चारचौघांत हात सैल सोडून देता येणार होतं.

गणपतीत आम्ही दोघं गावी गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला गाठलंच. "जावईबापू, दिवाळीला काय पायजे? लाजू नका. आन न्हाई म्हणू नका, तेवढं ऐका माझं."

हा आधी नको नको म्हणत राहिला. सासरे काही सोडेनात. शेवटी सुटका करून घ्यायला म्हणाला, "बरं, मग तो कानाला लावायचा टेप द्या."

त्याच्या मनात तो होता, हे मला माहीत होतं. एका देशी कंपनीनं पेपरात जाहिरात दिली होती. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, आत कॅसेट टाकायची, आणि गाणं फक्त आपल्या कानात. असली वस्तू तोवर कुणाचा भाऊ परदेशातून आणायचा तेव्हाच बघायला मिळे. ही आपल्याकडं बनलेली, दिवाळीच्या आत बाजारात येणार होती. नवऱ्याला गाण्याचं वेड आणि घरचा रेडिओ सासूबाईंच्या ताब्यात. त्यामुळे ती जाहिरात त्यानं किती वेळा वाचली असेल, देव जाणे.

वडिलांनी त्याच आठवड्यात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात पैसे भरून नाव लावलं. आणि गावात जाऊन सगळ्यांना सांगितलं. पारावर, देवळात, सोसायटीत, न्हाव्याकडं. "जावयाला कानातला टेप घेतलाय." घेतलाय! वस्तू कारखान्यातून निघाली नव्हती आणि आमच्याकडं ती घेऊन झाली होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

दसरा गेला, माल आला नाही. कंपनीचं म्हणणं, थोडा उशीर आहे. वडील यार्डात माल उतरवला की तसेच दुकानात जायचे. एकदा मी सोबत गेले, आणि गेले नसते तर बरं झालं असतं.

दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्याच म्हणाला, "काका, तुम्ही कालही आला होतात. रोज आल्यानं माल लवकर येत असता, तर आम्हीच जाऊन कारखान्याच्या दारात बसलो नसतो का?"

फ्रीज बघायला आलेलं एक जोडपं हसलं. वडीलही हसले. हात जोडून म्हणाले, "तसं न्हाई साहेब, जावयाचा दिवाळसण हाय."

"मग जावयांना म्हणावं पुढच्या वर्षी घ्या. टेप येईल न येईल, जावई दर वर्षी येतो."

वडिलांच्या धोतराला कोथिंबिरीचा ओला वास येत होता, वहाणांचा चिखल दुकानाच्या फरशीवर उमटला होता. मी काय करावं? मी त्या फ्रीजचं दार उघडून आत बघत राहिले, जणू मी त्या माणसाबरोबर आलेलेच नाही. लाज वाटली मला माझ्या बापाची. लिहिताना हात अडखळतो, पण वाटली.

निघताना वडील दुकानाच्या काचेपाशी थांबले. मांडणीसाठी कंपनीनं तिथं नमुना पाठवला होता, चकचकीत खोकं आणि शेजारी तो टेप, हेडफोनसकट. मी म्हटलं, "अण्णा, ते नुसतं कवच आहे. आतून पोकळ. दाखवायला ठेवलंय." ते म्हणाले, "दिसतं तर झ्याक." मला वाटलं, उगाच बोलताहेत.

दिवाळीला आम्ही गावी पोचलो ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. बघते तर पूजेच्या पाटावर, नव्या केरसुणीशेजारी तेच खोकं! हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. भावकीतली माणसं येत होती, खोक्याला आणि लक्ष्मीला एकदमच नमस्कार करत होती.

"अगं बाई, मिळाला?" मी वडिलांना विचारलं.

"मिळाला," ते म्हणाले आणि वात सारखी करायला वाकले.

पाडव्याला सकाळी अंगणात पाट मांडला. भावकी झाडून जमली होती, उभं राहायला जागा नाही. आई ओवाळायला आली आणि माझ्या नवऱ्यानं रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. बायकांनी त्याला आणखी चढवलं. "रुसले गं बाई रुसले! काय पायजे तरी काय जावयाला?" हाही रंगात आला. एरवी पेठेतलं माणूस एवढं खुलत नाही. हाताची घडी घालून म्हणाला, "टेप कानाला लागल्याशिवाय मी घास घेणार नाही."

सगळं अंगण हसलं. वडील हसले नाहीत, पण ते माझ्या नंतर ध्यानात आलं. ते म्हणाले, "आधी जेवून घ्या, मग निवांत बघू." त्यावर माझा एक चुलता, दांडगा, सगळ्या गावचा मस्कऱ्या, ओरडला, "आरं तसं कसं? आण की भाईर! आमी तरी बघू दे!" वडील आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग खोकं घेऊन आले आणि जावयाच्या हातात ठेवलं.

नवऱ्यानं टेप बाहेर काढला. हातात घेऊन क्षणभर थांबला. मग हेडफोन कानाला लावले, बटण दाबलं, डोळे मिटले, आणि हळूहळू मान डोलवायला लागला. अंगणात टाळ्या पडल्या. आईनं डोळ्यांना पदर लावला.

तो चुलता पुढं आला. "जावईबापू, बगू की आमच्याबी कानाला."

"नको," नवरा म्हणाला.

"आवं, वाईच लावतो."

"नको म्हटलं ना. दुसऱ्याच्या कानाला लागलं की बिघडतं ते."

चुलत्याचा पुढं केलेला हात तसाच राहिला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमचे कान काय उष्टे हायती व्हय?" आणि माणसं एकेक करून उठायला लागली. फराळाची ताटं तशीच राहिली. जमिनीनं पोटात घ्यावं असं मला झालं. ज्या भावकीपुढं माझ्या बापाचं नाक वर व्हायचं, त्याच भावकीला ह्यानं दारातून हाकलल्यासारखं केलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात मी त्याला धरलं. "काय हो, एवढा माज? शहाणे तुम्ही आणि बाकीचे काय गुरं राखणारे? माझ्या माहेरी येऊन माझ्याच माणसांचा अपमान करता?" आणखीही बोलले. आई आत होती, तिच्यासमोर बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मला मागच्या गोठ्यात घेऊन गेला आणि टेप माझ्या हातात दिला.

काड्यापेटीएवढंसुद्धा वजन नव्हतं त्याला.

"उघड," तो म्हणाला.

मी कॅसेटची झडप उघडली. आत काही नव्हतं. काचेत ठेवलेलं ते कवच होतं.

"अण्णांना काही बोलू नकोस," एवढंच म्हणून तो फराळाला जाऊन बसला. समोर कुणी नव्हतं तरी सगळं ताट संपवलं त्यानं.

निघायच्या दिवशी वडील आम्हाला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. नवरा मुद्दामच पुढं चालत होता. वडील खाली बघत म्हणाले, "पूजंत मांडाया आणला व्हता गं. दोन दिसासाठी मागून. दुकानदार देईना, लई हातापाया पडलो. म्हनलं भावकीला खोकं दिसंल, आन जावईबापूस्नी बाजूला घिऊन सांगीन खरं काय ते. पर ते रुसून बसले." मग थोडं चालून म्हणाले, "त्यांनी माझं झाकलं. आन गावानं त्यास्नीच नावं ठिवली." आदल्या दिवशी माझीच जीभ काय काय बोलली होती.

कवच नवऱ्यानंच दुकानात परत नेऊन दिलं. पण सासूबाई दारातच विचारणार होत्या, आणि त्यांनी विचारलंच, "कुठाय तुझा दिवाळसण?" ह्यानं आयत्या वेळी सुचलं ते सांगून टाकलं. "बिघडला. कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलाय."

"पहिल्याच दिवशी? कमाल आहे." मग माझ्याकडे वळून, "असू दे गं, वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही काही मागितलं नव्हतं."

झालं. तिथून पुढं सहा महिने तोच धोशा. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या, त्यांना ऐकवलं. "सुनेच्या वडिलांनी टेप दिला, पण तो कंपनीतच मुक्कामाला आहे." शेजारणी हसायच्या आणि मी वाण वाटायची. खरं म्हणजे कंपनीत मुक्कामालाच होता तो! संक्रांतीला येणार होता, आला नाही. गुढीपाडव्याला नक्की म्हणाले, तेव्हाही नाही. पेपरात जाहिरात मात्र तशीच झळकायची, 'लवकरच येत आहे'. मी पेपर हातात आला की आधी तेच पान काढायची, आणि सासूबाईंच्या हाती लागायच्या आत घडी करून ठेवायची. खरं सांगून टाकूया, असं मी नवऱ्याला म्हणायची. तो विचारायचा, "काय सांगू? अण्णांनी रिकामं खोकं दिलं म्हणून?"

वडील त्या काळात आमच्याकडं आले नाहीत. यार्डात रोज यायचे, दुकानात डोकवायचे, पण आमचा जिना चढले नाहीत. हातात द्यायला काही नव्हतं ना.

मग ऐन उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी. सासूबाई देवपूजेला बसल्या होत्या. वडिलांनी दोन्ही बाजूंना बघितलं, जुडी उचलली, खालून खोकं काढलं आणि पटकन नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"आला, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "खरा हाय."

वाजतगाजत द्यायची वस्तू चोरीचा माल असावा तशी दिली त्यांनी. गावात सांगायची सोय नव्हती, कारण गावात ती दिवाळीतच देऊन झाली होती. नवऱ्यानं खोकं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. मला रडू यायला लागलं म्हणून मी पाणी आणायला आत वळले, तर समोर सासूबाई. पूजा उरकली होती.

त्यांनी खोकं बघितलं. "अरे वा! झाला का दुरुस्त एकदाचा?" खोकं हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "नव्या खोक्यात घालून दिला की. बरी आहे कंपनी. पण एक सांगू का, रागावू नका हं. वस्तू घ्यायची तर दुकानातच वाजवून घ्यावी. तुम्ही तर भाजीतली माणसं, जुडी उलटी करून बघितल्याशिवाय घेत नाही. मग इथं कसं नाही बघितलंत?"

नवरा उठलाच. "आई, तुला माहीत नाही, ऐक आधी..."

वडिलांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बराबर हाय विहीणबाई," ते म्हणाले. "माझंच चुकलं. बिघडका माल गळ्यात मारला मला दुकानदारानं, आन म्या येड्यानं तसाच दिला. लेकीला तुमच्या घरात खाली बघाया लागलं माझ्यापायी."

सासूबाई एकदम नरमल्या. "अहो, असं काही नाही. बसा, चहा घ्या. लावून तरी बघा कसा वाजतो ते."

"नगं. दुकानात वाजवून बघितलाय ह्या खेपेला," वडील म्हणाले आणि रिकामी पिशवी घडी करत उठले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते. सगळं मला माहीत होतं आणि तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही मी गेले नाही, कारण त्यांनी वळून बघितलं असतं तर कोणत्या तोंडानं उभी राहणार होते?