अप्पांचा प्रश्न आणि सातवी शाल

नाशिकमध्ये कुठलाही कार्यक्रम सत्काराशिवाय पार पडत नाही. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली, तेव्हा मेकॅनिकलाही शाल-नारळ मिळाला होता, आणि तो बिचारा शाल खांद्यावर घेऊनच लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. हे सगळं माहीत असूनही त्या दिवशी मी गाफील राहिले. मला वाटलं, परदेशी माणसांना यातून सूट असेल.

आलेले कलाकार दोघं होते, एक बाई आणि एक गृहस्थ, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. वाद्यं सोडून यंत्रांतून संगीत काढायला जगात ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यापैकी हे दोघं, असं पत्रिकेत छापलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी गेले होते अप्पांसाठी.

अप्पा म्हणजे माझे वडील. मनमाडला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात नोकरी झाली, आता माझ्याकडे असतात. तरुणपणी त्यांना एका साहेबांनी या दोघांची रेकॉर्ड एका दुपारपुरती दिली होती. अप्पांनी स्वतः जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ती कॅसेटवर उतरवून घेतली आणि संध्याकाळच्या आत परत केली. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एक आवाज आहे. खोल घुमतो, विरत जातो, पुन्हा येतो. तो कसा काढला असेल, या एका प्रश्नाने आमच्या घराचं वाटोळं केलं असं आई म्हणायची, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. इतर मुलींचे वडील रविवारी त्यांना बाजारात न्यायचे. माझे वडील सोल्डरिंगच्या धुरात बसून तो आवाज काढणारे डबे बनवायचे. कपाट भरलं, मग माळा भरला, पण एकाही डब्यातून तो आवाज आला नाही.

हे दोघं नाशिकला येणार म्हटल्यावर अप्पा आठवडाभर धड जेवले नाहीत. प्रश्न इंग्रजीत कागदावर लिहून काढला आणि चार वेळा माझ्याकडून तपासून घेतला. "हे गेले की विचारायला कोणी उरणार नाही," म्हणाले, "आणि मी तरी किती दिवसांचा?" मला रागच आला. मरणाची भाषा काढून ते नेहमी हवं ते पदरात पाडून घेतात.

ठरलेलं सभागृह ऐनवेळी हातचं गेलं, म्हणून कार्यक्रम शहराबाहेर एका लग्नाच्या लॉन्सवर ठेवला होता. लॉन्सच्या मालकांचं घराणं फुलांच्या शेतीतलं. गुलाबाचे वाफे मोडून त्यांनी तिथे हिरवळ केली. जागा द्यायला त्यांची अट एकच होती, सत्कार लॉन्सतर्फे होईल. आयोजकांनी जरा कुरकुर केली तर मालक म्हणाले, "पाहुणा दारात आला न् अंगावर शाल नाय टाकली, तर लोक आम्हाला काय म्हणतील? लय मोठी माणसं हायेत ती." सत्काराला सात प्रतिष्ठित ठरले. पहिलं गाणं संपलं की सत्कार उरकायचा, असं निवेदिकेला सांगून ठेवलं होतं.

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. अप्पा चारपासूनच पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते.

पण पहिलं गाणं संपेचना. या संगीतात गाणी अशी नसतातच, एकातून दुसरं निघत राहतं, हे मालकांना कोणी सांगितलं नव्हतं. निवेदिका पैठणी सावरत तीन वेळा पायऱ्या चढली आणि तीन वेळा उतरली. प्रतिष्ठितांपैकी दोघांना पुढे साखरपुडा गाठायचा होता, ते घड्याळ दाखवायला लागले. शेवटी मालकांनी हात वर करून फर्मान काढलं, "चालू राहू द्या वाजवणं. आपण आपलं काम करून घेऊ."

मग ते काम झालं. दोघं कलाकार आपापल्या टेबलामागे पुतळ्यासारखे उभे राहून वाजवतात, ती त्यांची पद्धतच आहे. फेटेवाल्याला ती भलतीच सोयीची पडली. त्याने गृहस्थांच्या डोक्याला भगवा फेटा बांधला, तुरा खोचला आणि खाली उतरून माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "नवरदेवसुद्धा इतका गप उभा राहत नाय, ताई." गृहस्थांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. बाईंच्या खांद्यांवर एकावर एक शाली पडत गेल्या. नारळ घ्यायला त्यांचा हात मोकळा नव्हता, म्हणून एका प्रतिष्ठितांनी तो समोरच्या यंत्रावर ठेवला. नारळ घरंगळत पट्ट्यांवर गेला आणि तिथेच बसला. त्यातून एक लांबलचक भोंगा निघाला आणि त्याला त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी पडली.

सातवे प्रतिष्ठित आलेच नव्हते. आणलेली शाल परत नेणं मालकांना पटेना. त्यांनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली आणि ती इस्त्रीच्या शर्टावर थांबली. "काका, तुम्ही चला बरं."

मी अप्पांना थांबवायच्या आत ते उठलेही होते. गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे. बाईंच्या खांद्यावर शाल टाकली आणि खिशातला कागद त्यांच्या समोर धरला. कागद घेऊन मंचावर आलेला म्हातारा म्हणजे कोणी परवानगीवाला अधिकारी असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी घाईघाईने एक बटण फिरवून सगळं बंद केलं, नारळही उचलला. लॉन्सवर एकदम शांतता झाली. निवेदिकेने तत्परतेने दोघांच्या मध्ये माइक धरला आणि अप्पांनी आपला प्रश्न वाचला.

बाईंनी सगळा ऐकून घेतला. मग इंग्रजीत म्हणाल्या, "असा आवाज आमच्या त्या रेकॉर्डमध्ये नाही."

"मॅडम म्हणतात," निवेदिकेने भाषांतर केलं, "नाशिकची हवा त्यांना अतिशय आवडली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अप्पा जागचे हलले नाहीत. "आहे," ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूला." बाईंनी त्यांना तो काढून दाखवायला सांगितलं. जन्मात ज्यांनी आरतीसुद्धा मोठ्याने म्हटली नाही, त्या माझ्या वडिलांनी डोळे मिटले आणि चारशे माणसांसमोर तोंडाने तो आवाज काढला. घुमवला, विरवला, पुन्हा आणला. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. बाई मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत होत्या. "हा आमचा नाही," त्या म्हणाल्या. "पण सुंदर आहे. तुम्हाला कुठे सापडला?"

"मॅडमना आपली द्राक्षंही आवडली!" निवेदिका म्हणाली.

अप्पा खाली आले. संगीत पुन्हा सुरू झालं, पण ते ऐकत नव्हते. मला त्या बाईंचा संताप आला. खोटं का होईना, एखादं उत्तर द्यायला काय जात होतं?

गाडीत मी म्हटलं, "विसरल्या असतील हो. वय झालंय त्यांचं."

"नाही. बरोबर आहे त्यांचं," अप्पा म्हणाले. "त्या दुपारी क्वार्टरच्या टाकीची मोटर सारखी चालू-बंद होत होती. मोटर लागली की व्होल्टेज पडायचं. आणि माझ्या त्या अ‍ॅम्प्लिफायरला अर्थिंग नव्हतं. घुमत होता तो अ‍ॅम्प्लिफायर."

मी गाडी कडेला घेतली. "म्हणजे माझे सगळे रविवार पाण्याच्या मोटरपायी गेले?"

"आणि माझे? इतकी वर्षं मी माझीच नक्कल करत होतो. तीही जमली नाही."

मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण त्यांना आवडला ना. सुंदर आहे म्हणाल्या."

"हो," अप्पा म्हणाले. "आणि तो अ‍ॅम्प्लिफायर मी पुढच्याच रविवारी दुरुस्त करून टाकला."