कळसच्या बायका आणि समुद्र

इंदापूर-बारामतीकडून वर्तमानपत्राला पुढारी आणि ऊस एवढंच हवं असतं. बाकी सारं संपादक कापतो. तीस वर्षांच्या त्या कापाकापीतून माझ्याकडे किस्से साठले. एका सहलीचेच सांगतो.

स्वराज्याला दहा वर्षंही झाली नव्हती. कळसचे बागाईतदार एस.टी.ची गाडी ठरवून बायकापोरांसह कोकणात निघाले. म्होरके आबा, सोबत मी, बातमीसाठी. समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूशिरावरचा तो किनारा पोरांनाही डुंबता येईल असा, म्हणून गर्दीचा.

विहिरीत शिकवताना बांधतात तसे आबांनी पोरांच्या पाठीला वाळके भोपळे बांधले. पुण्याचे एक साहेब हसले, "भाजी विकायला आणलीत?"

"न्हाय वो. बुडणाऱ्याला बांधाय हायती."

लाटेनं साहेबांना उलटं केलं. नाकातोंडातलं पाणी काढत ते आले. "मोठ्या मापाचा आहे का?"

*

जेवणं होईस्तोवर ओहोटी लागली. पाटाच्या पाण्यावर, पाळी लावून शेती करणारी ही माणसं. आबा खवळले.

"पाणी कुणी तोडलं? हितला पाटकरी कुठं हाय?"

मी म्हटलं, "आबा, हे चंद्रामुळं होतं."

"मग त्येचं नाव छापा की पेपरात. का त्येलाबी भ्यायचं?"

*

संध्याकाळी पाणी परतलं. आबांच्या बायकोला, यमुनाकाकूंना, समुद्रात उतरायचं होतं. त्यासाठीच त्या एवढा घाट उलट्या करत आल्या होत्या.

"बायकांनी पाय भिजवायचं, बास," आबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "का? समुद्र काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे?"

"तुमी शिकल्यालं. आमच्या घरात बोलू नगा."

काकू माझ्यामागे येऊन कुजबुजल्या, "भाऊ, भांडत ऱ्हावा. त्येंचं तोंड हिकडंच असू द्या."

भांडणात मला कुणी हरवलेलं नाही. मी आबांना रस्त्यापासून राज्यघटनेपर्यंत फिरवून आणलं. ते वळले तेव्हा काकू लाटांपलीकडे सफाईनं हात मारत होत्या.

"अगं, खोल हाय तितं!"

"आपल्या हिरीपरीस न्हाय!"

आबा वाळूत बसले. म्हणाले, "ही पवाय कवा शिकली?"

काकूंची जाऊ हौसाबाई लुगड्याचा काचा घट्ट करत उठली. तिच्यामागोमाग बाकीच्याही उठल्या.

"आबा, दर बाजारच्या दिशी तुमी समदी गडीमाणसं इंदापूरला जाता न्हवं?"