दोन्ही चाकांचा जोर

सॅनेटोरियमकडे जाणारा रस्ता शेवटच्या टप्प्यात शंभर मीटरला चौदा मीटर चढत असे. कोरड्या दिवशी हा चढ काही विशेष नव्हे, पण जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोरडे दिवस मोजकेच असत.

कार्ल्सरूहेला शिक्षण पुरं करून मी तिथल्याच एका पंपांच्या कारखान्यात लागलो होतो. पुण्याला जाऊन लग्न केलं, पत्नीला घेऊन आलो, आणि काही वर्षांत तिला क्षय निघाला. गोळ्या-इंजेक्शनांनी रोग थोपला, हटला नाही. डाव्या फुप्फुसाचा खराब भाग कापून काढणं हाच उपाय उरला. सर्जन बोलायला तुटक होता. "अठ्ठेचाळीस किलो भरल्याशिवाय मी हिला टेबलावर घेणार नाही," त्याने सांगितलं. ती चव्वेचाळीस भरत होती. आमचं सगळं त्या चार किलोंवर येऊन ठेपलं होतं.

ती मांस खात नसे. तिथलं जेवण म्हणजे हाडांचं सूप आणि सॉसेज. ते बाजूला सारल्यावर पाव, दूध आणि बटाटे उरत. म्हणून भेटीच्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी, मी घरून डबा नेई. तिकडे मूग मिळत नसत, म्हणून मसुराची खिचडी, वर लोणी कढवून केलेलं तूप आणि शिरा. पहिले काही आठवडे ती माझ्यासमोर बसून सगळं संपवी आणि मीठ कमी पडलंय म्हणून नावंही ठेवी. वजन पंचेचाळीसच्या वर गेलं.

मग बर्फ सुरू झाला. माझ्याकडे अमेरिकन सैन्याने मोडीत काढलेला पिकअप होता. मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी, आणि मागे वजन नाही. चढावर एक चाक बर्फावर गेलं की ते जागच्या जागी गरगर फिरे आणि दुसरं नुसतं उभं राही. इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा हा स्वभावच आहे: कमी पकडीच्या चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच तो दुसऱ्यालाही देतो. मागे दोनशे किलो वाळूची पोती टाकून पाहिली, साखळ्या बांधून पाहिल्या. एका रविवारी गाडी तरीही मागे घसरून कडेच्या ढिगात गेली. मी उरलेला चढ पायी गेलो. कपाळाला खोक पडली होती, ती तिने पाहिली. त्यानंतर बर्फ असला की मी जात नसे. दोन भेटी चुकल्या, एक जमली, असं चाललं.

भंगारवाल्याकडे एका चेपलेल्या अमेरिकन गाडीचा मागचा ॲक्सल मिळाला. त्यातल्या डिफरन्शियलला आत घर्षणाच्या चकत्या होत्या. एक चाक घसरायला लागलं की त्या आवळतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडेही जातो. कारखान्यातला एक फिटर मदतीला आला. घरमालकिणीच्या कोठारात आम्ही जुना गाभा काढून हा बसवला. दातांमधली ढील नीट येईपर्यंत पातळ पत्रे घालून काढून पुन्हा घालत बसलो.

"तर मग, हेर डॉक्टर," फिटर तेलाचे हात पुसत म्हणाला. मी डॉक्टर नव्हतो, तो मला तसंच चिडवी. "आता बर्फाचं कारण सांगून बायकोला टाळता येणार नाही तुला."

"टाळायचं कोणाला आहे?"

"माझ्या बायकोला एकदा भेट, मग विचार."

गाडी चढली. चाक एकदा चाचरलं, मग दुसऱ्याने रेटा दिला आणि आम्ही वर. त्यानंतर मी एकही भेट चुकवली नाही. घरी परतलो की मालकिणीच्या फोनवरून वॉर्डात कळवायचं, एवढंच बायकोने मागितलं होतं.

आता मात्र ती माझ्यासमोर जेवेना. "ठेवा, मागाहून खाते," म्हणे. पुढच्या भेटीला डबा रिकामा मिळे. आणि वजन उतरत होतं. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. डबे जास्त जात होते आणि वजन कमी होत होतं. या दोन गोष्टी मला जुळवता येईनात.

वॉर्डची नर्स वयस्कर होती. तिनेच मला दाराशी गाठलं.

"तुमचा डबा शेजारच्या पलंगावरची बाई खाते. तिचं वजन छान वाढलंय."

मी हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"बर्फात तुम्ही येणार असलात की तुमची बायको आदल्या रात्रीपासून काही खात नाही, तुम्ही घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुमच्या धर्मात असेल तसं."

मी आत बायकोपाशी गेलो. तिच्या खिडकीतून चढाचं शेवटचं वळण दिसत असे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमच्या कपाळाला लागलं तेव्हापासून. नवस आहे."

मी तिला डिफरन्शियल समजावून सांगितला. दोन बशा घेऊन, चकत्या कशा आवळतात तेही दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"अहो, गाडी चढते ते कळलं मला," ती म्हणाली. "उतरताना काय करतो तो?"

उतरताना तो काही करत नाही. ब्रेक जुनेच होते.

"आणि अठ्ठेचाळीस किलो?"

"तुम्ही येत नव्हता तेव्हा जेवतच होते की मी."

ते खरं होतं. नवस मोडायला ती तयार झाली नाही. शेवटी ठरलं की बर्फात मी यायचं नाही. नवा डिफरन्शियल बसवलेली गाडी कोठारात उभी राहिली. बर्फाच्या दिवशी मी फोन करून येत नाही म्हणून सांगे आणि नर्स कळवी की ती जेवली. बटाटे, पाव, दूध. वजन सावकाश वर आलं. अठ्ठेचाळीस भरलं तेव्हा रस्त्याकडेचा बर्फ वितळत होता. शस्त्रक्रियेआधीच्या क्ष-किरणात उजव्या फुप्फुसावरही डाग दिसले. सर्जनने फोटो उजेडासमोर धरला, मग पाकिटात घातला. टेबलाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

ती उन्हाळ्यात गेली. तिचं सामान आणायला मी पिकअप घेऊन वर गेलो. एक ट्रंक, दोन शाली, डबा. येताना रस्ता कोरडा होता. कोरड्या रस्त्यावर अशा डिफरन्शियलच्या चकत्या वळणावर कुरकुरतात, कारण चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं आणि त्या फिरू देत नाहीत. उतारभर तो आवाज येत राहिला.

घरी पोचलो तेव्हा मालकीणबाई दारातच होत्या. मला पाहून त्या नेहमीसारख्या फोनच्या खोलीचं दार उघडायला वळल्या, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून तशाच थांबल्या.

मी ट्रंक उतरवून घेतली.