बांगड्यांची टेप

जुईनं, माझ्या नातीनं, काल नवे स्पीकर आणले. खोक्यातून ताज्या पॉलिशचा वास आला आणि मी थेट पंचवटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले.

ह्यांना तेव्हा घरीच स्पीकर बनवायचं वेड. आवाज पारखायला गाणं चालायचं नाही. गाण्यात म्हणे वाईट स्पीकरही भाव खाऊन जातो. म्हणून ह्यांनी माझं भाकरी थापणंच टेप केलं होतं. स्पीकरची नवी पेटी तयार झाली तेव्हा पॉलिश वाळायच्या आत मला तिच्यासमोर बसवलं.

"थाप खोल वाजते का बघ. बांगड्या खऱ्या वाटतात? काय फरक आहे, सांग."

"भाकरी करपलीय," मी म्हटलं.

सासूबाई खळखळून हसल्या आणि मी अभिमानानं ही अशी फुगले! स्वतःला मोठी विनोदी समजायची ही बया, म्हणजे मीच. हेही हसले, पण मला पुन्हा कधी विचारलं नाही.

तीच टेप जुईनं मोबाइलवर उतरवून घेतली होती. ती नव्या स्पीकरवर लागली. थाप आली, बांगड्या आल्या, माझा आवाज आला, "अहो, पुरे की आता!" आणि त्यामागे, आजवर कधी ऐकू न आलेलं, ह्यांचं दाबून धरलेलं हसू.

"आजी, काही फरक कळतोय?"

"कळतोय गं," मी म्हटलं. विचारणारं माणूस मात्र बदललं होतं.