कुरळ्या केसांचे राखणदार

बायकांच्या केसांचा जेवढा खोल विचार माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी केला, तेवढा बदलापुरातल्या कुठल्या बाईनेही केला नसेल. आणि गंमत म्हणजे काकांच्या स्वतःच्या डोक्यावर कंगवा फिरवावा असं काही राहिलंच नव्हतं. दोन्ही कानांमागे पांढुरकी झालर, मधे सगळं लखलखीत. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. उमेदीची सगळी वर्षं रंगाचे डबे उघडून बघण्यात गेल्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक थर असतो आणि तो नीट बसलाय की नाही हे तपासणं आपलंच काम आहे, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. चहा पिण्याआधी ते चमचा कपात बुडवून वर धरायचे, त्यावरून चहा कसा ओघळतो ते बघायचे, "दूध कमी पडलंय," म्हणायचे आणि मगच प्यायचे. एकदा चिखलोलीला ओळखीतल्या कुणाच्या तरी नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला आम्ही गेलो होतो. बाकीची मंडळी बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराचं कौतुक करत होती आणि काका दाराआड भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांनी अंगठ्याच्या नखाने रंग जरासा खरवडला आणि यजमानांना मोठ्या प्रेमाने सांगितलं, "बिल्डरने एकच हात मारलाय. दुसरा नुसता बिलात मारलाय." जेवण मिळालं, पण त्या घरून पुन्हा बोलावणं काही आलं नाही.

बदलापूरच्या मांजर्लीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर काका आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता राहायचे. सुजाता लहान असतानाच तिची आई गेली. हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी तिचा फोटो होता. एका पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हापासून तो जरा जास्तच उंच टांगलेला, त्यामुळे बघायचा तर मान वर करावी लागायची. फोटोत काकूंनी केस चापूनचोपून बांधले होते, तरी कपाळावर आणि कानांपाशी कुरळ्या बटा बंड करून उठल्याच होत्या. तेच केस सुजाताला जसेच्या तसे मिळाले होते. पावसाळी हवेत ती जिना चढून आमच्याकडे यायची तेव्हा आधी केस यायचे आणि मागून ती.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं सरळ केसांची होती. आम्ही उल्हासनगरला कॉलेजात जायचो आणि तिथे एकेका मुलीचे केस सुट्टीनंतर पट्टीने आखल्यासारखे होऊन यायचे. पार्लरांमध्ये रिबॉन्डिंग नावाचा प्रकार आला होता. औषध लावून अर्धा दिवस बसायचं, मग इस्त्री फिरवून घ्यायची, की केस कायमचे सरळ. एके दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला बसले असताना सुजाताने विषय काढला.

"पप्पा, मी रिबॉन्डिंग करणारे."

"म्हणजे?"

"केस स्ट्रेट. एकदम परमनंट."

काकांचा घास हातातच राहिला. "परमनंट म्हणजे परत येणारच नाहीत?"

"तेच तर पायजे ना पप्पा!"

काका कशालाही फाडकन नाही म्हणणारे गृहस्थ नव्हते. हात धुतले, बडीशेप खाल्ली आणि मला सोडायला जिन्यापर्यंत आले. तिथे कठड्याच्या रंगाचा एक पोपडा काढत म्हणाले, "पोरी, तिच्या आईचं या घरात वाढतं असं एवढंच उरलंय गं." माझे केस जन्मजात सरळ, पण त्या दिवशी मलाही सुजाताच्या केसांची काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीशी तह केला. रिबॉन्डिंग नको, त्याऐवजी घरीच केस सरळ करायचं मशीन आणायचं. "रोज इस्त्री कर, मी अडवणार नाही. फक्त धुतले की परत आले पाहिजेत," ही एकच अट. आता इस्त्रीच्या उष्णतेने केस करपतात आणि करपलेला केस पुन्हा वळत नाही, ही गोष्ट त्यांनी एका बैठकीत समजून घेतली. त्यावर काहीतरी फवारायचं किंवा चोळायचं मिळतं, हेही पार्लरवाल्या बाईकडून काढून घेतलं. "तापलेल्या पत्र्यावर आम्ही रंग टिकवतो. केस काय चीज आहे!" म्हणाले, आणि कामाला लागले.

काम म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनचा बाजार. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत एका सिंधी सेठचं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान होतं, तिथे ते आम्हा दोघींना घेऊन गेले. सेठने हौसेने सगळ्यात दाट सिरम पुढे केलं.

"अंकल, ये देखो, गाढा माल. एकदम मक्खन."

"मक्खन पाव को लगाते है, सेठ. मेरे को पतला दिखाव."

"पतले में क्या मजा है, साईं?"

"गाढा तो कोई भी बनाता है. पतला बनाने में अक्कल लगती है."

काकांचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत, जाड हात लोंबतो, चिकटतो आणि शेवटी पोपडे धरतो, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. तेच केसांना लागू. "औषध केसावर बसलं पाहिजे, केसाच्या मानगुटीवर नाही," ते आम्हाला समजावत होते आणि बोलता बोलता त्यांनी नमुन्याच्या बाटल्या उघडून स्वतःच्या टकलावर बोटाने पट्टे ओढायला सुरुवात केली. डावीकडे एक फवारा, मधे एक सिरम, उजवीकडे ते मक्खन. सेठ बघतच राहिला. बाहेरच्या हातगाडीवाल्यानेही मोजे विकायचे थांबवले. मग काका शेअर रिक्षात मुद्दाम ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे आत अर्धे बाहेर असे बसले, म्हणजे वारा आणि धूळ थेट डोक्यावर.

"काका, पडलात काय कुठे? मलम लावलंय ते," ड्रायव्हरने विचारलं.

"टेस्टिंग चालूय. तू गाडी खड्ड्यातून घे, धूळ उडू दे," काका म्हणाले. ड्रायव्हरला तशी विनंती जन्मात कुणी केली नव्हती. त्याने ती मनापासून मानली.

सुजाता मागच्या सीटवर माझ्या ओढणीत तोंड लपवून बसली होती. घरी आल्यावर ट्यूबलाइटखाली काकांनी डोकं आमच्यासमोर वाकवलं. उजवा पट्टा काळा ठिक्कर, मधला करडा आणि डावा जवळजवळ स्वच्छ. "जिथे धूळ चिकटते तिथे केसाला केस चिकटणार," काकांनी निकाल दिला.

"पप्पा, असे तुम्ही अख्ख्या कॅम्पातून आलात!"

"नुसत्या कॅम्पातून नाही, अंबरनाथला रिक्षाही बदलली की," काका म्हणाले.

हलकेपणाचा प्रश्न सुटला, उष्णतेचा बाकी होता, आणि त्याच्यासाठी टक्कल उपयोगाचं नव्हतं. खरे केस हवे होते. तेव्हा एका सकाळी काका इमारतीतल्या बिऱ्हाडांची दारं वाजवत निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते अत्यंत अदबीने म्हणाले, "वहिनी, केस विंचरल्यावर गुंतवळ टाकू नका. मला द्या." काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी गुंतवळ दिली नाहीच, उलट काय प्रकार आहे ते बघायला संध्याकाळी मला बरोबर घेऊन खाली उतरल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलावर इतर बिऱ्हाडांतून मिळालेल्या केसांचे विंचरून सारखे केलेले झुपके लाल दोऱ्याने बांधून ओळीने टांगलेले, त्यांच्याखाली अर्धी कापलेली लिंबं, मधे धूर निघणारं मशीन, आणि या सगळ्यापुढे पुटपुटत बसलेले काका. लिंबं केसांवरचं तेल काढण्यासाठी होती आणि पुटपुटणं हा त्यांचा काम करतानाचा स्वभाव होता, पण हे सांगायला वेळ कुणाकडे होता? "करणी! अगं बाई, करणी!" करत काकू चपला टाकून वर पळाल्या.

घटकाभरात इमारत खाली जमली. सोसायटीच्या फाटकावर कुणी लिंबू-मिरची बांधली की सोडून टाकणारे, दर वर्षी विहारात अंधश्रद्धेवर तासभर बोलून मुलांना झोपवणारे आमचे काका, आणि त्यांच्यावरच हा आळ! दुसरा कुणी असता तर भांडला असता. काका मात्र खूश झाले. इतकी माणसं त्यांचं काम बघायला कारखान्यातही कधी आली नव्हती. "या, या, आत या. घाबरू नका, प्रयोग आहे," म्हणत त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. एक ओला झुपका मशीनमध्ये धरला, तर चर्र आवाज झाला आणि केस तुटून पडले. दुसऱ्याला मक्खन फासलं होतं, त्याचा धूर झाला आणि उरला तो चपटा, चिकट दोर. मग त्यांनी सुजाताच्या कंगव्यातला एक कुरळा पुंजका घेतला. पातळ फवारा मारला, पूर्ण वाळू दिला, विंचरला आणि मशीन एकदाच, न थांबता, वरून खाली ओढलं. केस सरळ सुळसुळीत झाले. तो पुंजका त्यांनी पाण्याच्या वाटीत सोडला आणि स्वतःच श्वास रोखून बसले. पाण्यात केस सैलावले आणि हळूहळू परत वळायला लागले.

"अगंबाई, आले की परत!" जिन्यावरून बघणाऱ्या काकूच ओरडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गुंतवळ कागदात बांधून पाठवली आणि लेकीसाठी ती बाटली कुठे मिळते हेही विचारलं.

अशी ती पाण्यासारख्या पातळ औषधाची बाटली घरात आली. सुजाताची इस्त्री सुरू झाली की काका दाराशी उभे राहून सूचना द्यायचे. "लांबून मार. वाळू दे. घाई नको. एकाच जागी थांबू नको." आणि ज्या दिवशी ती न्हायची त्या दिवशी ते बाथरूमसमोर पेपर घेऊन बसायचे. ती बाहेर आली की पेपरावरून नुसती नजर वर व्हायची. बटा वळलेल्या दिसल्या की पेपरचं पान उलटायचे. मला त्यांचं ते पान उलटणं फार आवडायचं.

सुजाताचं लग्न अंबरनाथच्या एका हॉलमध्ये झालं. पांढऱ्या साडीवर तिला सरळ मोकळे केस हवे होते. पार्लरवाली स्वतःचं परदेशी क्रीम घेऊन आली होती आणि काका आपली बाटली. ती ऐकेना. तेव्हा काकांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, तिच्या क्रीमचं बोट त्यावर पुसलं आणि पिवळा डाग तिच्यासमोर धरला. "हे साडीवर उतरलं तर?" एवढंच विचारलं. तिने गुपचूप बाटली घेतली. वंदनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा काकांचा एक डोळा मुलीच्या केसांवर होता. ती पुण्याला गेली, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी आमच्या घरून, आमच्या सगळ्यांसमोर, फोनवर तिला पहिला प्रश्न विचारला, "केस धुतलेस का?"

"धुतले."

"मग?"

"आले पप्पा. सगळे आले."

वर्ष होत आलं असेल, सुजाताचा मला फोन आला. माहेरी येणार होती. "तू आमच्या घरी थांबशील का? मी एकटी नाही जाणार पप्पांसमोर." तिने रिबॉन्डिंग केलं होतं. पुण्यात तिला नोकरी लागली होती, सकाळी लवकर निघायचं, इस्त्रीला वेळ कुठला! ती दारात उभी राहिली तेव्हा केस खांद्यापर्यंत सरळ, तुळतुळीत पडलेले. काकांनी तिच्यासाठी आणलेली नवी बाटली टेबलावर होती. त्यांनी बघितलं, बाटली उगाच जरा बाजूला सरकवली आणि म्हणाले, "छान दिसतात."

त्यावर सुजाताला रडूच फुटलं. "पप्पा, ते औषध होतं म्हणूनच इतके दिवस टिकले. पण मला रोज नाही जमत हो."

"रडतेस काय? बस इथे." काकांनी तिला ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसवलं आणि चष्मा चढवला. मग बोटांनी तिचा भांग पाडला आणि रंगाचा पत्रा तपासावा तसे वाकून बघत राहिले. एवढा वेळ त्यांनी कुठलीच गोष्ट तपासलेली मला आठवत नाही. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, इकडे ये. तुझी नजर चांगली आहे. हे मुळाशी काय आहे?"

मी बघितलं. टाळूपाशी, जेमतेम नखाएवढे, नवे केस आले होते. प्रत्येक केस निघतानाच वळून निघत होता.

"कुरळे आहेत, काका."

"बघ! वरचा हात बदललाय फक्त. आतून तेच येतंय." मग ते बराच वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी निघताना नवी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू वापर, हिला आता लागायची नाही." माझ्या सरळ केसांना तिचा काय उपयोग, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे मी नाशिकला गेले आणि मांजर्ली सुटली. तरी सुजाता माहेरी येऊन गेली की काकांचा फोन ठरलेला. हवापाणी, तब्येत, काही नाही, नुसता नव्या कुरळ्या केसांचा अहवाल. आधी "बोटभर झालेत," मग "भुवईपर्यंत." ऐकून मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर मला त्यांच्या घरची फार आठवण यायची. कारखान्यातून ते निवृत्त झाले त्या संध्याकाळीही फोन आला. मी विचारलं, काका, निरोपसमारंभ कसा झाला? हार घातला का? कोण काय बोललं?

"ते असू दे गं," काका म्हणाले. "सुजू आली होती समारंभाला. कानापर्यंत आलेत."