पेठेतला काळा-पांढरा देखावा

आमच्या घरात भांडणाचे विषय दोनच. एक म्हणजे पांढऱ्या रश्श्यात खोबरं किती घालायचं, आणि दुसरा तो जपानी सिनेमा. रश्श्याचं भांडण मी जिंकते. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण ते माझ्या तोंडात बसत नाही आणि चुकलं की आमचे हे जेवण बाजूला ठेवून उच्चार शिकवायला लागतात.

सिनेमा जुना, काळा-पांढरा. धन्यानं हाकलून दिलेला एक म्हातारा तलवारबाज आणि त्याच्यासमोर त्याचाच लहानपणचा दोस्त. दोस्ताला हुकूम झालाय, म्हाताऱ्याला मारून ये. दोघं गवतात समोरासमोर उभे राहतात. उभे म्हणजे उभेच. तेवढ्यात माझी कणीक मळून होते, तरी हे हलत नाहीत. मग एकच वार होतो, दोस्त पडतो, आणि म्हातारा जिंकूनही मान खाली घालून उभा राहतो. यात एवढं काय आहे, असं मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून चालू आहे.

ह्यांनी हौसेनं फिल्म क्लब काढला होता. सुरुवातीला प्राध्यापक, वकील असे बरेच लोक यायचे. सिनेमा संपला की सगळे चष्मे पुसत ‘अवकाश’, ‘मौन’ असले शब्द बोलायचे आणि मिसळ खायला जायचे. पुढं सगळा सिनेमा मोबाईलवर आला आणि मौनाला कुणी येईना. शेवटच्या खेळाला आलेल्यांपैकी एक जण फोन चार्ज करायला आला होता. क्लब बंद पडला, त्यातच हे बँकेतून रिटायर झाले. तेव्हापासून माणूस गप्प. टीव्हीवर तोच सिनेमा लावून बसायचे आणि मी खोलीत आले की आवाज कमी करायचे. ते आवाज कमी करणं मला फार लागायचं. निदान भांडा तरी, असं वाटायचं.

अशात गल्लीतल्या तालीम मंडळाचे अध्यक्ष गणपतीची वर्गणी मागायला आले. शिवाजी पेठेत सजीव देखावा म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. आमच्या मंडळाचा दरवर्षी किल्ला, समोरच्या मंडळाचाही किल्लाच. परीक्षक कंटाळले होते. ह्यांनी अध्यक्षांना चहा दिला आणि धरून सिनेमासमोर बसवलं. शेवटची लढाई बघून अध्यक्ष उठले आणि म्हणाले, औंदा ह्योच देखावा. कारण विचारलं तर म्हणाले, एक तर संवाद न्हाईत, म्हणजे पोरं चुकणार न्हाईत. ह्यांना काय, पडत्या फळाची आज्ञा.

मग कार्यकारिणीची बैठक झाली आणि ठरलं, की सिनेमा काळा-पांढरा आहे तर देखावाही तसाच हवा. जपानी लोक पूर्वी राखाडी नव्हते, हे मी सांगून बघितलं. ते कुणाला पटलं नाही. गवत राखाडी, पडदा राखाडी, तलवारींना चांदीचा कागद. बाप्पा तेवढे रंगीत राहू द्या, हा ठराव मात्र एकमतानं पास झाला. रक्त लाल असावं की काळं, यावर मारामारी व्हायची बाकी होती. शेवटी माझं ब्यूटी पार्लर असल्यामुळं सगळं माझ्या गळ्यात पडलं. सफेद्यात काजळ कालवून मी डबाभर राखाडी लेप केला. पेठेतल्या नवऱ्या गोऱ्या करण्यात हयात गेली, आता माणसं शिमेंटची करायची वेळ आली.

घोडं अडलं ते उभं राहण्यावर. तालमीतली पोरं हजार जोर मारतील, पण गप्प उभी राहायची नाहीत. कुणाचं नाक खाजायचं, कुणाचा फोन वाजायचा. म्हणून म्हाताऱ्याचं काम ह्यांनीच घेतलं. गप्प राहायची सवय होतीच. दोस्ताचं काम अध्यक्षांनी घेतलं, कारण अध्यक्षाला सोडून दुसरा कुणी मधोमध उभा राहिला तर मंडळ फुटतं.

पहिल्या दिवशी खेळाआधी मी माईकवर दोन वाक्यांत गोष्ट सांगितली: हे दोघं लंगोटीयार, आणि हा धन्याचा हुकूम. पडदा वर गेला. दोघं उभे राहिले. गर्दीतून कुणीतरी विचारलं, ‘पुतळं हाईत व्हय?’ मग वार झाला आणि अध्यक्ष मरायला लागले. आधी छाती धरली, मग एक गिरकी घेतली, मग गुडघ्यावर आले, मग समोरच्या मंडळाकडं बघून पुन्हा उठले. शिट्ट्यांनी गल्ली दणाणली. मेल्यानंतर अध्यक्षांनी उठून गर्दीला नमस्कारही केला.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. ‘तिथं टाळ्या पडायला नको होत्या गं,’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, लोकांना आवडलं हे काय कमी आहे? ते उद्या येत नाही म्हणाले. आणि टीव्हीकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मी घाबरले. हा माणूस आता त्या सिनेमालाही मुकणार असं दिसलं, आणि मग घरात उरलं काय असतं?

दुसऱ्या दिवशी ह्यांना मी जवळजवळ ढकलतच नेलं. रंगाला आधी अध्यक्ष बसले. गालावर लेप लावता लावता मी त्यांना सांगितलं, ‘आज पडलात की पडूनच राहायचं. उठलात तर उद्यापासून तुमचं तोंड तुम्हीच रंगवा.’ तालमीचा अध्यक्ष पैलवानाला भीत नाही, पण अर्धं तोंड रंगलेलं असताना बाईशी वाद घालत नाही.

त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत बिद्रीकडच्या खेड्यातली एक बाई बसली होती, देखावे बघायला भावाकडं आलेली. दोघं उभे राहिले तशी तिनं पदर डोक्यावर घेतला. वार झाला. अध्यक्ष एकदाच पडले आणि पडूनच राहिले. मागून एकानं शिट्टी मारली, टाळ्या सुरू झाल्या. ती बाई मागं वळली.

‘टाळ्या कसल्या वाजवताय, पावणं? माणूस मेलाय की.’

टाळ्या थांबल्या. पडदा पडेपर्यंत हलायचं नाही, हा ह्यांचाच नियम. ह्यांनीच तो मोडला. मान वर करून त्या बाईकडं बघत राहिले आणि मी लावलेला राखाडी रंग गालावरून ओघळायला लागला. मी पडद्याच्या कडेला लेपाचा डबा घेऊन उभी होते. रंग नीट करायला पुढं जायला हवं होतं, पण गेले नाही. मला त्या बाईचा हेवा वाटत होता. ते वाक्य इतकी वर्षं ह्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.