पायरीवरच्या चपला

पोहता पोहता मागे वळून पाहिलं, तर तलावाच्या पायरीवर चपलांचा एकच जोड होता. माझाच.

आमच्या पोहण्याच्या मंडळाचा एक नियम होता. पायरीवर कुणाच्याही चपला उरल्या असतील, तर बाकीच्यांनी घरी जायचं नाही. चपला आहेत म्हणजे माणूस अजून पाण्यात आहे. मग मंडळातले सगळ्यात थोरले भाऊ ओरडायचे, "कोण राहिलंय रे?" लांबून कुणीतरी म्हणायचं, "आलो, आलो!" काठावर आपली वाट बघणारं कुणी आहे, या भरवशावर आम्ही बिनधास्त खोल पाण्यात जायचो.

एकेक जण पोहायचा थांबला. भाऊ तर गेल्या थंडीत गेलेच.

पाणी अगदी शांत होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी काठाकडे तोंड करून ओरडलो, "आलो, आलो!"